फटफटीची घोडी

अंबापेठ, अमरावती
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८५९

ती. सासूबाई,
रमेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र तुमच्या नावानं आहे. तुम्हाला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, आणि अकोल्याच्या जठारपेठेतल्या आपल्या घरात वाचता येणारं माणूस एकच आहे हेही ठाऊक आहे. तेव्हा मामंजी चष्मा लावून हे तुम्हाला वाचून दाखवत असतील. मुलाचं पत्र उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. सुनेनं सासूला लिहिलेलं पत्र वाचायचं नाही, असं काही त्यांनी ठरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वकिलाच्या घरात सून होऊन आल्यावर एवढी पळवाट शोधता आलीच पाहिजे.

तुमच्या लेकाची प्रकृती बरी आहे. काठी लागते. डावा गुडघा वाकत नाही, आणि डॉक्टरांनी आता स्पष्टच सांगितलं की तो असाच राहणार. बडनेऱ्याच्या रस्त्यावर बैलबंडीला चुकवताना फटफटी आडवी झाली, त्याला वर्ष होत आलं. त्या दिवशी इस्पितळात मामंजी म्हणाले ते मी शब्दन् शब्द ऐकलंय. फटफटी हा शब्द पुन्हा माझ्या घरात निघता कामा नये. आणि पुढल्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत हा पाय घेऊन त्याचं त्याला निभावता आलं नाही, तर गुमान अकोल्याला येऊन माझ्या ऑफिसात कागद नकलायला बसावं. बापलेकांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे.

नकला करणं वाईट नाही. पण मी यांना त्या टेबलाशी बसलेलं मनात आणून पाहिलं आणि मला ते बघवलं नाही. सासूबाई, फटफटी सुरू होईना म्हणून लोक ढकलत ढकलत यांच्याकडे आणतात आणि हे तिच्या आवाजावरून सांगतात काय दुखतंय ते. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. अडचण एकच आहे. फटफटीचं यंत्र असतं जमिनीलगत, आणि ती दुरुस्त करायची तर उकिडवं बसावं लागतं. हे गोणपाट टाकून आडवे होऊन काम करतात, पण मग उठवायला मी आणि माझी बहीण कुंदा दोघी लागतो. गिऱ्हाईक कंटाळून नागपूरला जातं.

परवा मी पोथी वाचून तिची ठवणी, ती कातरीच्या पायांची लाकडी घडवंची, मिटत होते. यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ उघडझाप करत बसले. पाय जवळ आणले की पोथीची जागा वर, फाकवले की खाली. मग म्हणाले, ‘‘मला खाली वाकता येत नाही ना? मग तिलाच वर आणतो.’’

मी ठवणी अजून परत मागितलेली नाही. पोथी मांडीवर ठेवूनही वाचता येते.

तुमची
रमा


अंबापेठ, अमरावती
आषाढ शुद्ध द्वादशी

ती. सासूबाई,
मागच्या पत्राचं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. वकिलांच्या भाषेत याला मूक संमती म्हणतात असं वाटतं.

मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये रोज ठोकाठोकी चाललीय. फटफटीचा भार पेलायचा म्हणून पायांना जुनी बाभूळ घेतली, बंडीच्या आसाला वापरतात तसली. ठवणीसारखे कातरीचे पाय, वर लांब फळी, आणि खाली दोन्ही पायांना जवळ ओढायला एक मोठं मळसूत्र. ते मळसूत्र जिनचे मॅनेजर खुशालराव यांनी दिलं, कापूस दाबायच्या मोडक्या यंत्रातलं. दांडा फिरवला की पाय जवळ येतात, फळी वर चढते आणि फटफटी कमरेच्या उंचीला. काम मात्र एका झटक्यात झालं नाही. पाय पार आडवे पडले की दांडा कितीही पिळा, फळी उठेचना. म्हैस बसली म्हणजे बसली. चार दिवस हे त्या पायांकडेच बघत बसले. मग त्यांनी फळीखाली ठोकळे घातले, म्हणजे पाय पुरते आडवे पडूच नयेत. फटफटी चढवायला पुढे उतार केला. आणि ती उठली. मीच दांडा फिरवत होते. अशा ओझं पेलणाऱ्या सांगाड्याला सुतार घोडी म्हणतो, म्हणून आम्हीही तेच म्हणतो.

तर सासूबाई, आता घोडी घरात आहे. दिसायला अशी काही देखणी नाही, पण पाय फार मजबूत. शेडमध्ये तिला जागा केलीय. यांचा सगळा जीव तिच्यात. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी तिच्याकडे जातात, तिला तेल लावतात, पाय दाबून बघतात. मला मेलीचा मत्सर वाटायला हवा, पण मलाही ती आवडते. यांचा चेहरा वर्षात पहिल्यांदा असा दिसतोय. कुंदानं स्वयंपाकघर पूर्ण ताब्यात घेतलंय, मला चुलीपाशी फिरकू देत नाही, कारण घोडीपाशी माझी गरज जास्त.

मामंजींना नमस्कार. त्यांनी हे पत्र वाचलंच नसेल, तरीही.

रमा


अंबापेठ, अमरावती
श्रावण शुद्ध अष्टमी

ती. सासूबाई,
काल दुपारी दारात बंडी उभी राहिली. कडब्याच्या पेंढ्या अशा रचलेल्या की वरचं आभाळ दिसेना. आपल्या मूर्तिजापूरच्या शेतावरचे नत्थुजी खाली उतरले. मी पाणी दिलं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं,

‘‘सूनबाई, घोडी कोठी हाय?’’

‘‘शेडमध्ये आहे. का हो?’’

‘‘हा कडबा तिच्यासाठी आनला. आन् हे चने. आन् मायनं हे देल्लं, घोडीच्या गळ्यात बांधाले.’’

त्यांनी पटक्याच्या टोकातून काळा गोफ काढला. त्यात कवड्या, मधे एक घुंगरू. सासूबाई, तुम्ही तो स्वतः विणलाय हे गाठींवरून ओळखलं मी.

मी नत्थुजींना शेडमध्ये नेलं. त्यांनी घोडीला एक प्रदक्षिणा घातली. खाली वाकून पाहिलं. मग मळसूत्राला हात लावला.

‘‘हे घोडी?’’

‘‘हो.’’

‘‘हे त बाभयीची हाय.’’

‘‘हो.’’

‘‘मंग हे कडबा काहून खाईन?’’

तेवढ्यात हे काठी टेकत आले. मी सगळं सांगितलं. सासूबाई, हे हसले. भिंतीला पाठ लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तो आवाज मी विसरले होते. नत्थुजी आधी रागावून उभे होते, मग तेही खाली बसून हसायला लागले.

नंतर मी नत्थुजींकडून काढून घेतलं, हे झालं कसं ते. ते म्हणाले, ‘‘माय मले म्हनली का पोरानं ते फटफटी सोडली आन् घोडी घेतली. सायबांनी चिठ्ठी वाचून सांगितली. माय त लय खुश होऊन राह्यली. देवापुढं साखर ठेवली तिनं.’’

आता माझ्या लक्षात आलं. मामंजींनी शब्द पाळला. ज्या परिच्छेदात तो निषिद्ध शब्द आला तो परिच्छेद गाळायचा, आणि उरलेलं मोठ्यानं वाचायचं. मग उरणार काय? तर मजबूत पायांची, तेल लावलेली, घरात आणलेली घोडी. दिलेल्या शब्दाला माणसानं जागावं, पण त्यापायी आईला नसलेल्या जनावराचा गोफ विणायला लावू नये. मामंजींनी गाळलेलं तुम्हाला कळावं म्हणून माझी एक विनंती आहे. शेजारची शकुन आता मराठी चौथीत आहे. मामंजींचं वाचून झालं की तिला बोलावून तेच पत्र पुन्हा वाचून घ्या. दोन साक्षीदारांच्या जबानीत तफावत आली की कोर्ट काय करतं, ते मामंजी तुम्हाला सांगतील.

कडबा समोरच्या गवळ्याच्या गाईला दिला. चणे आम्हीच खातोय. गोफ मी घोडीच्या दांड्याला बांधलाय. नाही म्हटलं तरी ती घोडीच.

अक्षर वेडंवाकडं आलंय. उजव्या हाताला तव्याचा चटका बसला. किरकोळ आहे.

रमा


अंबापेठ, अमरावती
भाद्रपद वद्य प्रतिपदा

ती. सासूबाई,
शकुनच्या हातचं तुमचं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. ‘फटफटी म्हणजे काय ते मला आता नीट समजलं, आणि घोडी म्हणजे काय तेही,’ हे कुंदानं माझ्या हातातून पत्र घेऊन पुन्हा मोठ्यानं वाचलं. ‘गोफ काढू नको,’ हेही वाचलं.

शेवटी शकुननं वेगळ्या शाईनं लिहिलंय की वकीलसाहेब विचारतात, चटका कोणत्या बोटांना बसला आणि तवा लोखंडाचा की मातीचा. तवा लोखंडाचा. बोटं बरी आहेत. त्यांना म्हणावं काळजी नसावी.

इथे कामं येताहेत. मोर्शीकडच्या खेड्यांत देवीची लस टोचत फिरणारे डॉक्टर आहेत, त्यांची गाडी घोडीवर चढली आणि दुसऱ्या दिवशी उतरली. त्यांनी हे उभे राहून काम करताना पाहिलं आणि पुढच्या वेळी एका ओव्हरसियरला घेऊन आले. दसरा जवळ येतोय. सगळं होईलच असं मी म्हणत नाही. नागपूरला जाणारी गिऱ्हाइकं अजून पुष्कळ आहेत. पण हे संध्याकाळी दोन्ही हात काळे करून येतात आणि काठी कुठे ठेवली ते आठवत नाही म्हणतात. एवढंच तूर्त.

रमा


अंबापेठ, अमरावती
आश्विन शुद्ध पंचमी

ती. सासूबाई,
शकुन, हे पत्र तू सावकाश वाच, कारण आज गाळणारं कुणी घरात नाही. मामंजी इथे आहेत.

तुम्हाला ते कोर्टाच्या कामाला नागपूरला जातो म्हणून सांगून निघाले. काल सकाळी टांगा दारात थांबला. पगडी, उपरणं, हातात छत्री. मी पदर सावरून नमस्कार केला. ते घरात आले, खुर्चीवर बसले आणि पाणी घ्यायच्या आधी म्हणाले, ‘‘हात दाखव.’’

मी हात पुढे केला. तर्जनी आणि मधलं बोट अजून नीट मिटत नाहीत.

‘‘हा चटका?’’

‘‘हो.’’

‘‘आषाढात तू लिहिलंस की कुंदा तुला चुलीपाशी फिरकू देत नाही. श्रावणात तवा कुठून आला?’’

सासूबाई, हा माणूस तीस वर्षं वकिली करतोय हे मी विसरले होते. आणि जे मी तुमच्यापासून लपवलं ते सगळं सांगून टाकलं. तुम्हालाही सांगते. आषाढाच्या अखेरीला फळीवरून गाडी कलंडली. फळीला कडा नव्हत्या. मी बाजूला उभी होते, तिला अडवायला गेले आणि तिच्या हँडलच्या मुठीनं माझा हात भिंतीला दाबला. यांना धावता येत नाही. हे ओरडलेही नाहीत. जागचे हलले नाहीत, हात दांड्यावर ठेवूनच मळसूत्र सोडत राहिले, हळूहळू, फळी खाली येईपर्यंत. यांनी घाई केली असती तर माझा हात राहिला नसता. त्यानंतर एक आठवडा हे घोडीकडे गेले नाहीत. मीच नेलं पुन्हा.

मामंजी सगळं ऐकत होते. मग उठले आणि म्हणाले, ‘‘कुठे आहे तो? सामान बांधा. अजून कुणाचा हात, कुणाचा पाय जायची वाट बघायची नाही मला.’’

हे दारातच उभे होते. सव्वा वर्षानं बापलेक समोरासमोर आले. हे म्हणाले, ‘‘अण्णा, डॉक्टरांची गाडी आज द्यायची आहे. खेड्यांत लोक त्यांची वाट बघत असतात. ती दिली की मग तुम्ही म्हणाल ते.’’ आणि शेडकडे वळले. मामंजी त्यांच्यामागे गेले. मीही गेले. मला राहवलं नाही.

मामंजींनी यांना याआधी पाहिलं ते इस्पितळातल्या खाटेवर, आणि मग थेट इथे दारात, काठीवर. काल हे काठी भिंतीला टेकवून ताठ उभे होते. डॉक्टरांची फटफटी छातीसमोर, दोन्ही हात मोकळे. तिचं यंत्र उघडत होते, मधेच थांबून कान लावत होते. मामंजी दारात उभे राहिले. उपरणं खांद्यावरून खाली आलं तरी त्यांना कळलं नाही. मी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ‘‘पुन्हा कलंडली तर?’’

यांनी दाखवलं. आता फळीला दोन्हीकडून कडा आहेत. पुढचं चाक दोन ठोकळ्यांत धरलेलं. दोन बाजूंनी चामड्याचे पट्टे, बैलांच्या जुवाला असतात तसे. हे म्हणाले, ‘‘आता नाही कलंडत.’’

‘‘तू म्हणतोस म्हणून?’’

‘‘हातच्या काकणाला आरसा कशाला, अण्णा?’’

आणि मग मामंजींनी जे केलं ते तुम्हाला कुणी सांगितलं तर खरं वाटणार नाही, म्हणून मी स्वतः लिहिते आहे. त्यांनी पगडी काढून माझ्या हातात दिली. धोतराचा काष्टा आवळला. यांना म्हणाले, ‘‘खाली आण.’’ फळी खाली आली. मामंजी उतारावरून चढले आणि त्या फटफटीवर बसले. साठीला आलेला अकोल्याच्या बारचा वकील, फटफटीवर. दोन्ही मुठी घट्ट धरल्या.

‘‘उचल,’’ म्हणाले.

हे तसेच उभे राहिले.

‘‘उचल म्हणतो ना. माझ्या वजनाला घाबरलास?’’

मी दांड्याकडे हात नेला, तर यांनी मला बाजूला केलं. स्वतः फिरवायला लागले. मामंजी वर चढत गेले, इंच इंच. त्यांचे पाय लोंबायला लागले. ओठ घट्ट मिटलेले. कमरेच्या उंचीला आल्यावर यांनी दांडा अडकवला.

‘‘हलव.’’

यांनी हलवलं. घोडी हलली नाही.

‘‘जोरात हलव. मी कच्चं काम मान्य करत नाही.’’

यांनी खांदा लावून हलवलं. पट्टे करकरले, पण घोडी जागच्या जागी.

मामंजी तसेच वर बसून राहिले. खाली यांच्या डोक्याकडे बघत होते. मला वाटलं आता काही मोठं बोलतील. ते म्हणाले, ‘‘तुझे केस मागून विरळ व्हायला लागले. मला कुणी सांगितलं नाही.’’

‘‘तुम्ही विचारलं नाहीत, अण्णा.’’

‘‘नाही विचारलं,’’ मामंजी म्हणाले.

त्यानंतर यांनी त्यांना उतरवलं. मला वाटत होतं ते आता पगडी मागतील. त्यांनी मागितली नाही. यांनी काम सुरू केलं, तेव्हा ते बाजूला उभे राहिले. मग विचारलं, ‘‘हे मी धरू का?’’ आणि साखळीचं एक टोक धरलं. ते इतकं काटेकोर धरलं होतं, की यांना ‘थोडं सैल सोडा’ असं म्हणावं लागलं. ते सैल सोडायला बराच वेळ लागला, सासूबाई. त्यांना आयुष्यात कुणी असं सांगितलंच नसेल.

दुपारी डॉक्टर गाडी न्यायला आले. त्यांच्याबरोबर एक कापसाचे दलाल होते, आपली फटफटी दसऱ्याआधी हवी म्हणून. हे काही बोलायच्या आत मामंजी पुढे झाले आणि म्हणाले, ‘‘दसऱ्यानंतर या. तोवर आमच्याकडे काम फार आहे.’’

हे काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. मामंजी मात्र साखळीच्या तेलानं काळे झालेले हात कुठे पुसावे ते शोधत होते. नंतर त्यांनी ते धोतरालाच पुसले.

दसरा ते इथेच करणार आहेत. अकोल्याला कागद नकलायला दुसरा कुणी ठेवतील, असं काल जेवताना कुंदाला म्हणाले. मला नाही. तुम्हीही या. इथे जागा लहान आहे, पण बसू आपण.

आणि एक काम आहे. येणाऱ्या कुणाबरोबर मामंजींची जुनी धोतरं पाठवा. चांगली नकोत, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय.

तुमची
रमा